साऱ्या थेटरानं बघितलेला माणूस

चव्वेचाळीस साली सांगलीतल्या एका थेटरात माझ्या नवऱ्याला दीडदोनशे माणसांनी बघितलं. त्यांत माझी सासू होती, थोरले दीर होते, खारे शेंगदाणे विकणारा होता. मीही तिथंच बसले होते. बघायची राहिले ती मी एकटी.

त्यांचं नाव मी घेत नाही. आत्याबाई घेत, मानसिंग म्हणून, त्यावरून समजून घ्यावं. आत्याबाई म्हणजे माझी सासू, रंगूबाई. आमचं गाव आष्ट्यापासून दोन कोस आत. ऊस, गुऱ्हाळ आणि घरटी एक माणूस पलटणीत, अशी तेव्हाची तऱ्हा. थोरल्यानं शेत बघायचं आणि धाकट्यानं भरती व्हायचं. आमच्यात थोरले नानासो आणि धाकटे हे. लग्नाला अकरा महिने झाले आणि हे गेले.

अकरा महिने म्हणजे काही थोडे नाहीत असं कुणालाही वाटेल. पण आमच्या घरात सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायचं नाही, असा दंडक होता. नवरा सोप्यात आला की पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत आला पाहिजे. हे मला आत्याबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं. मी चुकून वर बघितलं, तर हातातली पळी उलटी करून त्यांनी माझ्या कपाळाला लावली आणि मान दाबली. "खाली," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून नवऱ्याची पावलं मला चांगली पाठ झाली. उजव्या अंगठ्याचं नख मोडलेलं, डाव्या टाचेला भेग. जत्रेच्या गर्दीतनं मी ती दोन पावलं निवडून दाखवली असती. चेहऱ्याचं तसं नव्हतं. लढाईमुळं रॉकेल मिळेना, चिमणी लवकर विझवायची, आणि दिवसा पदर.

नीट चेहरा बघितला तो एकदाच. मला हिवतापानं धरलं होतं. आत्याबाई मेढ्याला नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, जाऊबाई माहेरी, नानासो रानात. तिन्हीसांजेला हे चुलीपुढं बसले आणि भाकरी थापायला लागले. बायकोसाठी भाकरी थापतो हे बाहेर कळलं असतं तर तालमीत तोंड दाखवायची सोय उरली नसती, म्हणून दाराला आतून कडी. मी वाकळेत पडून बघत होते. पाटी गिरवणाऱ्या पोरासारखी जीभ तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलेली. भाकरी उलटताना बोटं भाजली की पटकन कानाची पाळी धरायची. मधेच दाराशी मांजर खुडबुडलं, तसे चोरी सापडल्यागत मान वळवून हसले. जाळाच्या उजेडात तेवढा एकदा मला माझा नवरा सगळा दिसला. भाकरी एका अंगानं करपली होती आणि दुसऱ्या अंगानं कच्ची होती. मी सगळी खाल्ली. ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही.

गेल्यावर पत्रं येत. पोस्टमन सोप्यात बसून वाची. शेवटी "घरच्या सर्वांस नमस्कार" असे, त्या सर्वांत मी. मग पत्रं थांबली. एक महिना, तीन महिने, सात महिने. खालच्या आळीत एका घरी तार आली आणि त्या घरची चूल तीन दिवस पेटली नाही. आत्याबाई पोस्टमन दिसला की घरामागच्या परड्यात निघून जायच्या.

मला आणखी एक भीती धरून बसली होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. चेहरा आठवेना. डोळे मिटले की पावलं दिसत, मिशी दिसे, कान दिसे, पण ते सगळं एका ठिकाणी येत नसे. घरात फोटो नव्हता. भरतीच्या वेळी काढला तो सरकारनं ठेवून घेतला. उद्या माझ्याही दारात तार आली, तर मी रडायचं ते कुणाला, हे मला समजेना.

अशात बेंदराच्या सणाला लालासाहेब आला. आमच्याच भावकीतला, सांगलीच्या गूळपेठेत तोलार होता, आणि आठवड्याला एक सिनेमा चुकवत नव्हता. त्यानं सोप्यात बसून सांगितलं की त्यानं मानसिंगाला थेटरात बघितलं. सिनेमाच्या आधी लढाईच्या बातम्यांचा तुकडा दाखवायचाच असा सरकारचा हुकूम आहे, त्या तुकड्यात. पुष्कळ शिपाई होते, त्यातला एक हसला, तो मानसिंग. झटकन आला आणि झटकन गेला. आपण तर म्हणतो तोच, पण घरच्यांनी बघून खात्री करावी. आणि लवकर करावी, कारण शुक्रवारी बातम्या बदलतात.

आत्याबाईंना हे समजायला दुपार गेली.

"हसला म्हणतूस, ते कुणाला बघून?"

"कुणाला न्हाई, काकी. चित्र हाय त्ये."

"मग उगंच कशाला हसंल?"

पण आत्याबाईंचं ठरलं होतं. गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. आत्याबाई, नानासो आणि मी. आत्याबाईंनी वाटेसाठी धपाटी बांधली आणि वेगळ्या फडक्यात शेंगदाण्याचे लाडू. ते कुणासाठी, असं मी विचारलं नाही.

आष्ट्याहून सर्व्हिस मोटार होती. पेट्रोल लढाईला गेलेलं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी. चढ आला की पुरुषांनी उतरून ढकलायची आणि बायकांनी आत बसून देवाचं नाव घ्यायचं. आयर्विन पुलावरून गाडी सांगलीत शिरली तेव्हा दोन वाजले होते. परतीची शेवटची साडेपाचला. ती चुकली तर मुक्कामाला घर नव्हतं.

थेटरांची गल्ली मी बघितली ती पदराखालून, म्हणजे कमरेच्या खालची. टांग्यांची चाकं, सायकली, कोल्हापुरी वहाणा, वकिलांचे काळे बूट, उसाच्या रसाच्या घाण्याखाली पडलेलं चिपाड, भज्यांच्या कढईखालचा जाळ. कुठंतरी वर कर्ण्यातून बाई गात होती. एका टांग्यात दोघं ढोल आणि पिपाणी वाजवत चालले होते, टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगवलेल्या पाट्या. थेटराच्या दारावर केवढी तरी मोठी राणी रंगवली होती, तिच्या पायातला एक तोडाच आमच्या गाडीच्या चाकाएवढा. राणीचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक नाही.

तीन थेटरं होती. पहिलं पत्र्याचं, मग मधलं, आणि टोकाला नवं. त्यांची खरी नावं पाटीवर असतील, पण मला तेव्हा अक्षरं येत नव्हती. अक्षरं मी पुढं पोरीच्या पाटीवरून उचलली.

पत्र्याच्या थेटरात तीनचा खेळ होता. बायकांची बाजू वेगळी, मधे कापडी पडदा, आणि दारावर दगडाबाई नावाची बाई. तिकीट फाडायची, रडणारी पोरं बाहेर काढायची, आणि दिवे गेले की मधला पडदा सारायची. कडेवर पोर असलं तर त्याचं वय ती पाय बघून सांगे. आम्हाला तिनं पुढच्या बाकावर बसवलं. नानासो पडद्यापलीकडं पुरुषांत.

दिवे गेले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. आधी विमानं आली, आत्याबाईंनी मान खाली घातली. मग जहाज. मग शिपायांच्या रांगा आल्या, खांद्यावर बंदुका. सांगणारा माणूस कोरड्या आवाजात भराभर काहीतरी सांगत होता. मी एकेक तोंड बघत होते, पण सगळी तोंडं सारखीच दिसत होती. टोपीखाली मिशी, मिशीखाली हनुवटी. यातलं माझं कुठलं, हे मला सांगता येईना.

तेवढ्यात आत्याबाई बाकावरून उठल्या. "आला गं. आला माझा मान्या." आणि तिथंच उभ्या राहून कानशिलावर दोन्ही हातांची बोटं मोडली, घरात ओवाळून घ्यावं तशी.

आणि मी? मी दोन्ही हातांनी पदर धरला, नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

नवरा पुढं आला होता, शेजारी सासू होती. हात आपोआप गेले. मला विचारायलाही थांबले नाहीत. दोन श्वास झाले असतील, मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी पदर वर केला. पडद्यावर एक साहेब कसली तरी फीत कापत होता.

तुकडा संपला तशा आत्याबाई उठल्या. दगडाबाई म्हणाली की आता तर सिनेमा सुरू व्हायचाय, कुठं निघाला. आत्याबाई म्हणाल्या, "आमचा झाला."

बाहेर नानासो उभे होते. पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसत होते आणि धुरळा लय हाय म्हणत होते. माय-लेकं रसाच्या दुकानापाशी थांबली. जिवंत आहे, धडधाकट आहे, जरा वाळलाय, असं दोघं एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होती. मी मागं उभी राहून हुं म्हणत होते. आत्याबाईंनी मला विचारलं, वाळलाय न्हवं गं, तर मी व्हय म्हणाले. एवढ्यावर भागलं असतं. पण नानासो बोलले.

"चालत हुता कसा ताठ. पुढच्या रांगंत, खांद्यावर बंदूक."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "कुठली बंदूक? त्येच्या हातात लाटणं हुतं."

"लाटणं?"

"मागनं ते आचारी न्हाईत का दाखवलं? मोठ्या तव्यापाशी बसून रोट्या लाटत हुता की माझा बाळ."

नानासोंचं तोंड उतरलं. पलटणीत जाऊन माझा भाऊ रोट्या कशाला लाटंल, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरात त्यानं कधी पाण्याचा तांब्या उचलून घेतला नाही, त्याला चुलीपाशी कोण बसवील. आत्याबाई म्हणाल्या, माझ्या पोटचा हाय, मी त्याला काळोखात वळखीन. नानासो म्हणाले, माझ्या पाठचा हाय, खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. बंदूकवाला तो नव्हे आणि लाटणंवाला तो नव्हे, असं दोघंही इतक्या जोरानं सांगायला लागली, की थोड्या वेळानं दोघांनाही उमगलं. मग तिसरीच गोष्ट खरी असू शकत होती. दोन्हीतला एकही मानसिंग नसेल.

आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रसवाल्याचा घाणा तेवढा कुईकुई करत राहिला.

थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नसत. ते आत्याबाईंना म्हणाले, "तिला इचार. नवरा कुणाचा हाय?"

"अंजना, सांग गं. बंदूक का लाटणं?"

खोटं बोलायला नुसता एक शब्द लागला असता. दोन होते, कुठलाही चालला असता. पण मलाच ते जाणून घ्यायचं होतं, साऱ्यांपेक्षा जास्त.

"म्या न्हाई बघितलं," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"तुमी शेजारी हुता. पदर घेतला."

नानासो पाठ करून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत होती, पण त्या दिवशी त्यांनी ती पाटी बराच वेळ वाचली. मला वाटलं आत्याबाई आता भर रस्त्यात माझं कूळ उद्धरणार. त्या रसवाल्याच्या बाकड्यावर बसल्या. पायातली वहाण काढली, उगीचच झटकली, परत घातली.

"म्याच शिकिवलं न्हवं त्ये," त्या म्हणाल्या. "पळी लावून."

मी पदर आणखी पुढं ओढला.

"सात म्हैनं झालं. आन् पोरगी खाली मान घालून बसली." हे त्या मला म्हणाल्या नाहीत, वहाणेला म्हणाल्या. मग उठल्या. "नाना, पुन्यांदा बघायचं."

नानासोंनी गाडीची वेळ सांगून बघितली. आत्याबाई तोवर दगडाबाईपाशी पोचल्या होत्या. दगडाबाई दारात बसून सुपारी कातरत होती. तिनं सांगितलं की इथं आता बातम्या सहाच्या खेळाला. पण तुकडा काही इथं बसून राहत नाही. तिन्ही थेटरांत मिळून एकच तुकडा. इथं तीनला, मधल्या थेटरात साडेतीनला, नव्यात चारला. इथलं झालं की डबा सायकलवर घालून गुंडा पुढं नेतो. "त्यो बघा उतरला. पळा."

गुंडा म्हणजे साठीचा गडी, पांढरी मिशी, धोतराचा सोगा सायकलीत अडकू नये म्हणून सुतळीनं बांधलेला. कॅरिअरला पत्र्याचा चपटा गोल डबा. आत्याबाईंनी जाऊन हँडलच धरलं.

"हेच्यात हाय व्हय?"

"काय, आजी?"

"पोरगा."

गुंडानं नानासोंकडं बघितलं. नानासोंनी दोन शब्दांत सांगितलं. गुंडा हसला नाही. लष्करातली पोरं हैत आजी ह्यात, म्हणाला, लय हैत. आत्याबाईंनी डब्यावरून हात फिरवला. डबा गरम होता, दिव्यापुढून नुकताच आलेला. "तापलाय गं," त्या मला म्हणाल्या. मग फडकं सोडून त्यांनी सगळे लाडू गुंडाच्या पिशवीत घातले.

"आठ दिस झालं तूच फिरवतुयास न्हवं त्येला. खा. आन् खड्ड्यातनं जरा बेतानं ने."

गुंडा खरोखरच सायकल हातात धरून चालायला लागला, आणि आम्ही तिघं त्याच्या मागून. गल्लीतून वरात निघावी तसे.

मधल्या थेटरात देवादिकांचा सिनेमा होता. बाहेर खेड्यापाड्यांच्या बैलगाड्या सोडलेल्या, आणि आत इतक्या बाया की दाराच्या उंबऱ्यावर दोन पोरं झोपवलेली. मुंगीला वाट नव्हती. नानासोंनी विनवण्या केल्या, पण दारावरच्या माणसानं नुसते हात जोडले. गुंडा डबा घेऊन जिन्यानं वर गेला. आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो.

भिंतीतून आवाज यायला लागला. आत्याबाईंनी कान लावला. एकदा ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. "विमानं," त्या म्हणाल्या. "आता जहाज. आता ह्याचा बंदूकवाला." मग त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. मीही ठेवला. चुना लागला तेवढा. आत कुणीतरी पोर मोठ्यानं हसलं. आत्याबाईंनी हात काढून घेतला. "गेला," म्हणाल्या.

नव्या थेटरात पोचलो तेव्हा चाराला पाच मिनिटं होती, आणि तिथं दुसरीच अडचण. सिनेमा तलवारबाजीचा. त्याला बायका येत नाहीत म्हणून बायकांची बाजू कुलूप लावून बंद, आत सिमेंटची पोती रचलेली. दारावरचा माणूस समजुतीचा होता, पण हट्टाला पेटला. पुरुषांत बायकांना कसं बसवायचं, मालक मला घरी बसवंल, म्हणाला.

आत्याबाई म्हणाल्या, "माझा ल्योक आत हाय."

"मग नाव सांगा की मावशी, बोलावून आणतो."

"तू त्येला बोलावून आणलास तर तुज्या पायाचं पाणी पीन बाबा," आत्याबाई म्हणाल्या, आणि मागून डबा घेऊन आलेल्या गुंडानं त्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. दारावरचा माणूस बाजूला झाला.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. सगळीकडं पुरुष. विडीचा धूर, तंबाखूचा वास, मागं वळून बघणारी डोकी. कडेला आत्याबाई, मधे मी, माझ्या दुसऱ्या अंगाला एक खुर्ची सोडून थोरले दीर. मी पदर इतका ओढला होता की मला माझी हनुवटीसुद्धा दिसत नव्हती. मला कळत होतं की आता आपल्याच्यानं होणार नाही. सासूपुढं जे जमलं नाही, ते दिरापुढं आणि शे-दोनशे गड्यांपुढं कुठलं जमायला.

दिवे गेले. विमानं आली. त्या आवाजात नानासो उठले.

"आये, म्या जरा तंबाखू थुकून येतो."

"आरं, आता? रांग येतीया. तुला बघायचा न्हाई व्हय?"

"म्या बघितलाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. त्या वेळी त्यांच्या तोंडात तंबाखू नव्हती. मला ते ठाऊक होतं, कारण डबी गाडीत विसरली म्हणून त्यांनी सबंध दुपार चिडचिड केली होती.

जहाज आलं. माझे हात पदरावर. आत्याबाईंनी एका हातानं माझी दोन्ही मनगटं धरली आणि खाली मांडीवर दाबून ठेवली. दुसऱ्या हातानं माझा पदर कपाळाच्या मागं सारला, केसांपर्यंत. वाऱ्याची झुळूक लागल्यागत झालं. मग चार बोटं माझ्या हनुवटीखाली आली, पिठाच्या कामानं खरखरीत झालेली.

"वर," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं.

रांगा चालल्या होत्या. पुढच्या रांगेतला बंदूकवाला आला. उंच, छाती काढलेला, देखणा. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि आत काहीच हललं नाही. असेल, नसेल. मग रांगा गेल्या आणि मोठा तवा आला, परातीएवढा. चारपाच शिपाई उकिडवे बसलेले. एकजण कणीक तिंबतोय, एकजण जाळ सारतोय. आणि कडेला एक, हातात लाटणं, जीभ तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर. त्यानं रोटी बोटांनी उलटली आणि पटकन कानाची पाळी धरली. कुणीतरी हाक मारली असावी. त्यानं मान वळवली आणि चोरी सापडल्यागत हसला.

सगळा चेहरा एका ठिकाणी आला. मिशी, कान, हनुवटी, सगळं. जाळाच्या उजेडात ठेवलं होतं तसंच्या तसं. मी कधी विसरलेच नव्हते, नुसतं चुकीच्या जागी शोधत होते.

साहेब फीत कापायला आला. मी वळून बघितलं तर आत्याबाई पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या, माझी हनुवटी अजून बोटांवर धरून. त्यांनी पोराला बघितलं नव्हतं, त्या वेळी माझंच तोंड बघत होत्या. त्यांना विचारावं लागलं नाही.

"लाटणं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"म्या म्हणलं न्हवं. पर तुला कशावरनं पटलं?"

मग मी त्या अंधारात, तलवारी खणखणायला लागल्यावर, सासूला त्या भाकरीची गोष्ट सांगितली. मांजरासकट सांगितली. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून मी घाबरले. तर त्या हसत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका गड्यानं वळून, मावशी, तलवारीत हसण्यासारखं काय हाय, असं विचारलं.

बाहेर नानासो भिंतीला टेकून उभे होते. आम्ही दिसल्यावर सरळ झाले. आत्याबाईंना विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "दिसला का?"

विचारलं होतं रस्त्याला, पण आत्याबाई बोलेनात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी थोरल्या दिरांशी पहिल्यांदा बोलले.

"दिसलं. धडधाकट हाईत."

त्यांनी मान हलवली. थोडं पुढं गेल्यावर बारीक आवाजात, "आन् बंदूक?"

एवढ्या आशेनं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "बंदूक शेजारी ठेवली हुती," मी म्हणाले. "रोट्या व्हईस्तवर."

"तेच म्हणलं मी," नानासो म्हणाले, आणि त्यांची चाल सुधारली.

साडेपाचची गाडी मिळाली. चढाला नानासो उतरले आणि एकट्यानं ढकलल्यागत ढकलत होते. आत्याबाई माझ्या खांद्यावर झोपल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आमचा माणूस सांगलीतून गेला असणार, गुंडाच्या सायकलवरून, कुठं तरी पुढच्या गावाला. आत्याबाई म्हणाल्या, साताऱ्याला जाईल. मग दोन दिवस साताऱ्याला कुणी जातंय का, म्हणून त्या आळीत विचारत फिरल्या.

तो तुकडा कधी काढलेला, त्यानंतर काय झालं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. थेटरात हसलेला माणूस जिवंत असेलच असं नाही, हे मला रात्री सुचायचं, आणि मी ते आत्याबाईंना सांगायची नाही. त्यांनाही सुचत असणार. त्यांनीही सांगितलं नाही. पण चेहरा होता. पत्र येईपर्यंतचे आणखी दोन महिने मी त्याच्यावर काढले.

हे आले ते शेहेचाळीसच्या शिमग्याच्या आधी. मी सोप्यात जात्यापाशी होते, आत्याबाई दाराशी धान्य पाखडत होत्या. आत्याबाईंचं सूप थांबलं. मी सवयीनं पदर ओढला आणि खाली बघितलं. उंबऱ्यावर दोन बूट उभे होते, काळे, पलटणीचे, चिखलानं भरलेले. ना अंगठा दिसत होता ना टाच. पावलं ओळखायची काही सोय नव्हती.

सूप परत सुरू झालं, जरा जोरात.

मी वर बघितलं.